हळदीवरचा आळ आणि पालेभाजीचं पाणी

माझ्या बायकोच्या फोडणीमुळं अमेरिकेचा सगळा संगणकधंदा बसायची वेळ आली होती, ही गोष्ट मी लोकांना सांगायला लागलो की लोक चपला शोधायला लागतात. तुम्ही शोधू नका. यात मी वाढवून सांगितलंय ते फार तर चार आणे. बाकीचे बारा आणे ऐकून माझी स्वतःचीच बोलती अजून बंद होते.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. मी सांगलीहून निघून, मधे दोन वर्षं कॉलेजात काढून, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये एका चिपच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून चिकटलो होतो. चिप बनते ती एका खोलीत. त्या खोलीला क्लीन रूम म्हणतात. सोवळं म्हणजे काय हे मला सांगलीत कधी कळलं नाही, ते त्या खोलीनं शिकवलं. आत जायचं तर डोक्यापासून टाचेपर्यंत पांढरा सूट, त्यावर टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे, बुटांवर पिशव्या. बाहेर दिसायचे ते फक्त डोळे. आत शिंकायचं नाही, खाजवायचं नाही, पेन्सिल न्यायची नाही. एकदा मी आत जांभई दिली तर तीन यंत्रं आपोआप बंद पडली. बरं, एक पडलं.

त्या खोलीत आरशासारख्या चकचकीत चकत्यांवर चिप कोरली जायची. त्या चकत्यांना वेफर म्हणत. धुळीचा एक कण पडला तरी चिप मेली. आणि त्या वसंतात आमच्या वेफरवर कण फारच पडायला लागले. साधे नव्हेत, तेलकट. मायक्रोस्कोपखाली बघितलं की आमटीवर तरंगणाऱ्या तेलाच्या डोळ्यांसारखे गोल गोल ठिपके.

आमटीची उपमा मला सुचली ती मी चारचौघांत बोलून न दाखवता मनातच ठेवली असती तर पुढचं काही घडलं नसतं.

आमचा साहेब म्हणजे दाराच्या चौकटीत मावत नाही असा गोरा गृहस्थ. त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली आणि माझ्या हाताकडं बघत बसला. मी दुपारी हातानं जेवायचो. नखं पिवळी होती.

"हे काय आहे?"

"हळद."

"म्हणजे काय?"

सांगलीच्या माणसाला कुणी हळद म्हणजे काय असं विचारावं? आमच्या गावात हळदीचा बाजार भरतो. सौद्याच्या दिवसांत त्या पेठेतून पांढरा शर्ट घालून गेलेला माणूस परत येताना नवरदेव होऊन येतो. मला एकदम भरूनच आलं. मी साहेबाला हळद सांगायला बसलो. पोतं कसं असतं, कोंब कसा असतो, दळताना घराच्या भिंती कशा रंगतात. आणि शेवटी छाती फुगवून सांगितलं, की आमच्या हळदीचा डाग एकदा लागला की कापडाचा जात नाही, लाकडाचा जात नाही, प्लॅस्टिकचा तर माणूस गेला तरी जात नाही.

"म्हणजे ही कशालाही चिकटते," साहेब म्हणाला आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

तेव्हा तरी गप्प बसावं की नाही? त्यानं विचारलं, घरी स्वयंपाक कसा करता? बायको येऊन चारच महिने झाले होते आणि तिच्या हातच्या जेवणाचं कौतुक करायला मला माणूसच मिळत नव्हता. मी म्हणालो, तेल धूर निघेपर्यंत तापवायचं. मग मोहरी. आमच्या हिच्या फोडणीतली मोहरी छताला लागून परत कढईत येते. हिंग पडला की खालच्या मजल्यावरचा माणूस खोकतो. अपार्टमेंटचे पडदे, गाद्या, माझे शर्ट, सगळ्याला तो वास...

साहेब लिहीतच होता. मला वाटलं, पाककृती उतरवून घेतोय.

लिहून झाल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं. त्याच्या मते खोलीतलं तेल माझ्या अंगावरून येत होतं. आजपासून तीन आठवडे मी आत जायचं नाही, बाहेर बसून कागदाचं काम करायचं. एकविसाव्या दिवसानंतरच्या सोमवारी चार कोरे वेफर ठेवून मला एकट्याला तासभर आत पाठवणार. वेफर स्वच्छ निघाले तर मी कामावर. ठिपके निघाले तर माझी खुर्ची रिकामी. आणि माझी खुर्ची साधी नव्हती. तिच्या चार पायांवर माझा व्हिसा बसला होता. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि आम्ही दोघं दोन सुटकेसा घेऊन सांगलीच्या स्टँडवर रिक्षा बघत उभे.

कॅन्टीनमध्ये जाऊन मी डबा उघडला, भात-आमटी बघितली आणि आयुष्यात पहिल्यांदा डबा तसाच बंद केला.

तेव्हा समोर मावशी येऊन बसली.

आमच्या लाइनवर वेफर हाताळायचं काम सतरा व्हिएतनामी बायका करायच्या. त्यांतली ही सगळ्यांत जुनी. उंची माझ्या कोपराएवढी, वय पन्नाशीचं. पहिलं वर्षभर मी तिचे नुसते डोळेच ओळखत होतो. एकदा पार्किंगमध्ये एका अनोळखी बाईनं मला हाक मारली, मी तसाच पुढं गेलो, तर तिनं पळत येऊन तोंडावर हात धरला आणि वर नुसते डोळे दाखवले. मग ओळख पटली. मी तिला मावशी म्हणायचो. अर्थ विचारून घेतल्यावर ती स्वतःच "मावशी म्हणते" असं म्हणायला लागली. तिचं इंग्रजी तिच्या पद्धतीचं, माझं माझ्या. दोघांचं एकमेकांना लख्ख कळायचं, साहेबाला दोघांचंही नाही.

तिनं थर्मास उघडून माझ्यासमोर सरकवला. आत गरम पाणी होतं आणि त्यात हिरवा पाला.

"तीन आठवडे हे खा. तेल नाही, रंग नाही, वास नाही. शनिवारी तुझ्या घरी येते. बायकोला शिकवते."

मी घोटभर प्यायलो. एखाद्या भाजीनं आंघोळ केलेलं पाणी प्यायलोय असं वाटलं. पण कुणाची तरी नजर आपल्यावर असते तेव्हा माणूस काय म्हणतो? मी म्हणालो, वा!

घरी सांगायचं अवघड होतं. ही पोळ्या लाटत होती.

"फोडणी बंद," मी म्हणालो.

"कुणाची?"

"आपली."

"किती वेळ?"

"तीन आठवडे."

लाटणं पोळीच्या मधोमध थांबलं. सगळी हकीकत ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "अहो, तो दुपारी हॅम्बर्गर खातो ना? तुम्हीच सांगत होता, हनुवटीवरून तेल गळत असतं म्हणून. ते कुठं जातं?"

"त्याचं त्याला विचारायची सोय नाही."

"आणि तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझी मोहरी छताला लागते म्हणून?"

"कौतुक करत होतो."

"करा! माझं कौतुक करून घालवा नोकरी! तिकडं बाबा विचारतील, जावयाला का काढलं? मी सांगते, तुमच्या लेकीच्या हातची आमटी फार छान झाली होती म्हणून."

शनिवारी सकाळी मावशी दोन पिशव्या घेऊन हजर. ओट्यावर एकेक जिन्नस काढायला लागली. दोडका. मायाळू. पांढरा मुळा. कोहळ्याची फोड, अगदी आपला पांढऱ्या सालीचा कोहळा. आल्याचा गड्डा. बायकोनं दोडका उचलला, त्याच्या शिरांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं अशी बघायला लागली की मी दोन पावलं मागं सरकलो.

"हे इथं मिळतं?"

"त्यांच्या दुकानात मिळत असेल."

"दुकान किती लांब?"

मी मावशीला विचारलं. गाडीनं दहा मिनिटं.

"दहा मिनिटं," ही म्हणाली. "आणि चार महिने मला ब्रॉकोली खायला घातलीत."

मला खरोखर माहीत नव्हतं हो. मी आठवड्याला त्याच रस्त्यानं जायचो. पाटी वाचता येत नाही म्हणून आत डोकावलो नाही. बायकोचा माझ्या शिक्षणावरचा विश्वास त्या दिवशी उडाला तो आजवर परत आलेला नाही.

मावशीनं पातेलंभर पाणी ठेवलं. सुरीच्या पात्यानं आलं ठेचून त्यात टाकलं, मुळ्याचे जाड तुकडे टाकले, चमचाभर मीठ. गॅस बारीक केला आणि हात पुसून खुर्चीवर बसली. फेस वर आला की उठायची, पळीनं अलगद काढायची, परत बसायची. ढवळायचं नाही. खळाखळा उकळू द्यायचं नाही. नाहीतर पाणी गढूळ होतं म्हणे. वीसेक मिनिटांनी मुळा काचेसारखा दिसायला लागला तेव्हा तिनं मोहरीचा पाला हातानंच तोडून आत टाकला, झाकण न ठेवता दोन मिनिटं मोजली आणि गॅस बंद केला.

एवढा वेळ माझी बायको फोडणीची लोखंडी पळी हातात घेऊन तयारीत उभी होती.

"आता?" तिनं विचारलं.

"आता काही नाही," मावशी म्हणाली. "झालं."

बायको मराठीत मला म्हणाली, "अहो, या अर्धाच स्वयंपाक करून निघाल्या."

"काय म्हणते ती?" मावशीनं विचारलं.

"म्हणतेय, किती सोपं आहे."

खरी आपत्ती दुसऱ्या प्रकाराला आली. मावशीनं पोकळ देठांची कसलीशी पालेभाजी आणली होती, पाण्याच्या कडेनं वाढणारी. ती भरपूर उकळत्या पाण्यात घातली आणि तीन मिनिटांत काढायला सांगून चाळणी शोधायला वळली. बायकोला वाटलं, आपण मदत करावी. तिनं पातेलं उचललं, झाकण लावलं आणि जन्मभराच्या सवयीनं सगळं पाणी भस्सकन सिंकमध्ये ओतून दिलं.

मावशीनं जी किंकाळी फोडली ती ऐकून मला वाटलं हात भाजला. ती सिंकपाशी धावली आणि भोकाकडं बघत उभी राहिली.

"सूप! सूप फेकलं!"

"पाणी होतं ते!" बायको माझ्याकडं वळली. "अहो, यांना सांगा ना, भाजी आहे पातेल्यात. नुसतं पाणी फेकलं!"

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. एकीला वाटत होतं ही दुसरी वेडी आहे आणि दुसरीलाही तेच. मधे मी, दुभाषा. आमच्याकडं भाजी ठेवतात आणि पाणी फेकतात हे मी मावशीला समजावलं. तिनं शांतपणे विचारलं, "मग भाजीतलं सगळं गेलं कुठं? पाण्यात. तुम्ही काय खाता? चोथा?"

चोथा हा शब्द तिच्या बोलण्यात नव्हता. तिनं तोंडातलं काहीतरी थुंकून दाखवलं. तेवढ्यावर आम्हाला कळलं.

पाला उरला होता म्हणून परत आधण ठेवलं. या वेळी भाजी काढून ताटात गेली आणि मळकट हिरवं पाणी पातेल्यात राहिलं. मावशीनं त्यात एक पिकला टोमॅटो चेचून घातला, मीठ घातलं, चिमूटभर साखर आणि वरून अर्धं लिंबू पिळलं. पाण्याचा रंग डोळ्यांदेखत उजळला, ढगाळ हवेत ऊन पडावं तसा. बायकोनं हातातली पळी पहिल्यांदा खाली ठेवली.

मी प्यायलो. पहिल्या घोटात काहीच नाही. दुसऱ्यात मिठाचा पत्ता लागला. तिसऱ्यात आंबट आलं, मागून टोमॅटोची गोडी आली आणि सगळ्यात शेवटी तो पाला बोलायला लागला. तिखटाच्या आणि मसाल्याच्या गलक्यात मी आजवर एकाही पालेभाजीचा आवाज ऐकला नव्हता.

"हे सार आहे हो," बायको म्हणाली. "फोडणी द्यायची विसरलेलं." पण तिनं वाटी दुसऱ्यांदा भरून घेतली.

जेवताना तिनं मावशीला विचारलं, "तुमच्याकडं रोज असंच करतात? यात अजून काहीच घालत नाहीत?"

मावशी भातावर सूप ओतून घेत होती. म्हणाली, घालतात की. माशांचा सॉस घालतात. त्याच्याशिवाय व्हिएतनामी घरात पाणीसुद्धा उकळत नाही. पण पाच वर्षांपूर्वी, कारखाना नवीन असताना, वेफरवर असेच ठिपके आले होते. साहेब हाच. त्यानं सगळ्या बायकांना रांगेत उभं करून सांगितलं, तुमच्या अंगाला कसला तरी वास येतो, काय खाता ते बंद करा. त्या दिवसापासून सतराजणींनी कामाच्या दिवसांत तो सॉस घरात उघडलेला नाही. फक्त सुट्टीच्या आदल्या दिवशी. बाकी दिवस मीठ आणि पाला.

"मग ठिपके गेले का?" मी विचारलं.

"कधी कमी, कधी जास्त," ती म्हणाली. "नोकरी राहिली."

बायको तिच्याकडं बघतच राहिली. तीन आठवड्यांसाठी घरभर आदळआपट केलेली ही बाई. तिनं उठून हिंगाची डबी, मोहरीची बाटली, हळदीचा डबा आणि ती लोखंडी पळी एका पिशवीत भरली, पिशवीला गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. "गाडीच्या डिकीत ठेवा."

डिकीत ठेवली. पुढच्याच आठवड्यात मला सिग्नलपाशी पोलिसानं थांबवलं. गाडीला वळसा घालून मागं गेला, नाक वर केलं, तसाच परत आला आणि लायसन्स न बघता म्हणाला, जा. आमच्या हिंगाची अशी सगळीकडं ओळख होती.

तीन आठवडे आम्ही पाण्यावर काढले. दोडक्याचं पाणी, त्यात मायाळू पडला की थोडं बुळबुळीत होतं आणि घशाखाली आपोआप उतरतं. कोहळ्याचं पाणी, फोडी पारदर्शक होईपर्यंत उकळलेलं, वरून कांद्याची पात. कोबी आणि गाजराचं पाणी, ज्यात साखर न घालताच गोडी येते. टोमॅटो आणि टोफूचं पाणी. सोमवारी चुकून खळाखळा उकळलं तर मंगळवारी मावशी डब्यात बघूनच ओळखायची. "घाई केलीस." मी इतका बारीक झालो की शर्टावरचा खिसा पाठीवर आला. जिभेला मात्र अशी धार आली की मिठाचा डबा कुठल्या दुकानातला हे मी चवीवरून सांगायला लागलो.

एका रविवारी मराठी मंडळींचं जेवण होतं. प्रत्येकानं एकेक पदार्थ न्यायचा. कॅन्सल करावं तर बायकोला चार महिन्यांत पहिल्यांदा मराठी बायका भेटणार होत्या. आम्ही मोठं पातेलं भरून कोहळ्याचं सूप नेलं. यजमानीण काकूंनी झाकण उघडलं, आत बघितलं, माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "अरे, भांड्यात पाणी राहिलंय. ओतून टाकू का?"

आम्ही त्यांच्या घरी भातावर दही घेऊन खाल्लं. समोर बटाट्याच्या भाजीची परात होती, हळदीनं नुसती उजळलेली. बायकोनं माझा हात टेबलाखाली घट्ट धरून ठेवला होता. प्रेमानं नव्हे. परातीकडं जाऊ नये म्हणून.

आणि मग परीक्षेच्या आदल्या दिवशी मी शहाणपणा केला.

बायको कपडे धुवायला खाली लॉन्ड्रीत गेली होती. मी ठरवलं, आज आपणच करू. मावशीनं दाखवलेल्या दुकानात, आता मी तिथलं मोठं गिऱ्हाईक होतो, लाल माठ मिळाला होता. ताजा, रसरशीत. मला वाटलं, माठासारखी गरीब भाजी नाही, हिच्यात ना तेल ना वास. पाला धुतला, उकळला आणि पाणी सगळं उतरावं म्हणून दोन्ही मुठींत घेऊन चांगला पिळला. पातेल्यात डाळिंबाच्या रंगाचं इतकं सुंदर पाणी उतरलं की मी स्वतःवरच खूष झालो.

बायको वर आली. पातेल्याकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं.

"अहो! हात!"

दोन्ही पंजे गुलाबी. नखांच्या कडा तर मेंदी काढल्यासारख्या. साबण लावला, लिंबू लावलं, मीठ चोळलं, दगडानं घासले. रंग थोडा फिका झाला आणि कातडी लाल झाली, म्हणजे एकूण तेवढाच.

सोमवारी सकाळी मी सूट घालायच्या आधी साहेबानं हात बघायला मागितले. मी पुढं केले. त्यानं ते उलटेपालटे करून बघितले.

"पिवळा होतास," शेवटी म्हणाला. "आता हा कुठला रंग आणलास?"

"भाजीचा."

त्यानं डोळे मिटून घेतले. पण मोजे घालायचेच होते, म्हणून आत सोडलं.

तासभर मी त्या खोलीत एकटा उभा होतो. समोर टेबलावर चार वेफर. मी श्वासही उसना घेतल्यासारखा जपून घेत होतो. एकवीस दिवसांत माझ्या पोटात तेलाचा थेंब गेला नव्हता. मी आतून धुतलेल्या बाटलीसारखा होतो. माझ्यापेक्षा स्वच्छ माणूस त्या दिवशी कॅलिफोर्नियात सापडला नसता.

बायका परत आत कामाला लागल्या आणि साहेबानं बाहेर वेफर मायक्रोस्कोपखाली धरले. मग मला बघायला सांगितलं. ठिपके होते. तेवढेच, तसेच, गोल गोल.

साहेब आवाज मऊ करून म्हणाला, "मला वाईट वाटतं. पण तूच बघितलंस." आणि त्याच्या तोंडावर खरंच वाईट वाटल्याचं दिसत होतं. बरोबर ठरलेल्या माणसाला परवडतं तेवढं.

मागं दार उघडलं. मावशी बाहेर आली होती. सूट अंगात, मास्क मात्र हनुवटीखाली ओढलेला. तो मास्क तिनं कामाच्या वेळात खाली केलेला मी कधी बघितला नव्हता. काचेपलीकडं सोळाजणी हातातलं काम थांबवून उभ्या.

"उद्या परत कर," ती साहेबाला म्हणाली. "याला पाठवू नको."

"मग कुणाला? तुला?"

"कुणालाच नाही. चार वेफर ठेव. दार लाव. एक तास."

मी इंजिनिअर. साहेब इंजिनिअर. त्या इमारतीत आमच्यासारखे डिगऱ्यावाले बारा-तेरा तरी होते. कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. खोली रिकामी ठेवून बघावी, एवढी साधी गोष्ट! साहेब म्हणाला, बघू. मावशी म्हणाली, "बघू नको, कर." आणि तिथंच उभी राहिली. काचेपलीकडल्या सोळाजणीही हलल्या नाहीत. साहेबानं घड्याळ बघितलं, थांबलेली लाइन बघितली आणि मान हलवली.

संध्याकाळी घरी बायकोनं सुटकेस काढू का असं विचारलं. मी म्हटलं, उद्या सांगतो. तिनं मुळ्याचं सूप केलं. अगदी नितळ झालं होतं. दोघांनाही पिववलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबानं स्वतःच्या हातानं दाराला टेप लावली, टेपवर सही केली आणि तासाभरानं स्वतःच काढली. मायक्रोस्कोपला डोळा लावला तो काढेचना. मग बाजूला झाला आणि मला हातानंच बघायची खूण केली.

ठिपके. तेवढेच, तसेच. खोलीत चिटपाखरू नसताना.

दुपारपर्यंत सापडलं. मागच्या भिंतीपलीकडं हवा ओढणारा एक पंप होता. त्याच्यातलं तेल वाफेसारखं होऊन नळीतून उलटं आत येत होतं. कधी कमी, कधी जास्त. तेल यंत्राचं होतं. आमच्या हळदीचा, हिंगाचा, मोहरीचा, कशाचा काही संबंध नव्हता. साहेबानं फाइल मिटली, मला म्हणाला, "ठीक आहे. उद्यापासून आत." तेवढंच. मला वाटलं पुढं काहीतरी म्हणेल. तो जेवायला गेला.

मी धावत जाऊन मावशीला सांगितलं. मला वाटलं टाळी देईल. तिनं मला ते परत एकदा सावकाश सांगायला लावलं.

"पंप नवीन आहे?" तिनं विचारलं.

"नाही. कारखाना सुरू झाला तेव्हापासूनचा."

हे बोलून झाल्यावर मी काय बोललो ते मला कळलं. ती माझ्याकडं बघत होती. मग तिनं मास्क वर ओढला, परत नुसते डोळे राहिले, आणि ती लाइनवर निघून गेली. जाता जाता एकेकीजवळ थांबत होती. काचेतून मला आवाज येत नव्हता. एकेक मान साहेबाच्या केबिनकडं वळताना दिसत होती.

बायकोला मी फोन केला. ती आधी रडली, मग म्हणाली, "डिकीची चावी घेऊन लवकर या."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॅन्टीनच्या दारातच थबकलो. वास नव्हता तो, भिंत होती. समुद्र आटवून, उन्हात वाळवून कुणीतरी खोलीत आणून ठेवला होता. सतराजणी एका लांब टेबलाला बसल्या होत्या. प्रत्येकीसमोर तेच सूप, तोच पाला, आणि मधोमध तपकिरी सॉसच्या उंच बाटल्या. एक नव्हे, पाच. बाटली हातोहात फिरत होती आणि कुणीही थेंब मोजत नव्हतं. बाकीची टेबलं ओस. गोरी मंडळी आपापले ट्रे घेऊन बाहेर उन्हात गेली होती.

आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी मासळीबाजाराच्या गल्लीत पाऊल टाकलेलं नाही. माझ्या एका काकांना तर कॅलेंडरवरचा मासा बघून मळमळलं होतं. मी श्वास रोखून आत गेलो आणि मावशीशेजारची खुर्ची ओढली.

"तिकडं बस," ती म्हणाली. "तुला त्रास होईल."

"छे. कसला त्रास?"

"डोळ्यांतून पाणी येतंय तुझ्या."

"हिंगाचं आहे," मी म्हणालो आणि डबा उघडला. बायकोनं तीन आठवड्यांचं उट्टं काढलं होतं. आमटीवर तेलाचा बोटभर थर होता.

दार उघडलं. साहेब हातात सँडविच घेऊन उभा होता. त्यानं एक श्वास घेतला. टेबलाकडं बघितलं, बाटल्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं. सतराजणींनी जेवण थांबवलं नाही. फक्त मावशीनं बाटली उचलली, त्याच्याकडं बघत आपल्या वाटीत तिरकी केली आणि तिरकीच धरून ठेवली.

साहेबानं दार हळूच लावून घेतलं. मी आमटीचा भुरका मारला. मोठा, बाहेर ऐकू जाईल असा.